अहिल्याबाईंच्या ३०० रुपयांच्या स्मारक नाण्याचं डिझाइन संग्राहकांना कसं वाटतं? ते विकत घ्यावं का, आणि नाशिकच्या टांकसाळीत मिळेल का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालोय आणि हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. नाशिकला टांकसाळ नाही. इथे नोटा, पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट छापतात. नाणी पडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला.

आता डिझाइन. बाकीच्या संग्राहकांचं ते बघून घेतील, माझं मत विचाराल तर नुसता चेहरा टाकून स्मारक नाणं होत नाही. ३१ मे २०२५ ला भोपाळला अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचं तिकीट आणि ३०० रुपयांचं नाणं एकाच कार्यक्रमात निघालं. तिकिटावर चेहरा शोभतो. तिथे रंग असतो, बारीक रेष असते, डोळ्यांत भाव आणता येतो. नाण्यावर उठाव जेमतेम, त्यात चित्र बघून केलेला चेहरा सपाट पडतो आणि सगळे थोर लोक एकमेकांचे चुलतभाऊ दिसायला लागतात.

हा वाद आमच्या घरात जुना आहे. माझे साडू सराफ, दुकान पिढीजात. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दोघं नवराबायको आमच्याकडे होते. मी हौसेने २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं) दाखवायला काढलं. साडूंनी कॅप्सूल उघडली. मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत नाणं त्यांच्या चिमटीत, आणि अंगठा नेमका आरशासारख्या मोकळ्या भागावर. वर नखाने टिचकी मारून कानाशी धरलं. म्हणाले, "आवाज बद्द आहे. चांदी निम्मीच असणार." आता सराफाचा कान तो, बरोबरच होतं. ३५ ग्रॅमच्या त्या नाण्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल आणि जस्त पाच-पाच. तेवढ्यात मेहुणीने ते उचललं, पूजेच्या ताटात ठेवलं आणि वर ओलं कुंकू लावलं. ‘संसद संकुल’ या अक्षरांच्या फटीत ते कुंकू अजून आहे. अंगठ्याच्या रेषा आधी दिसत नव्हत्या, पुढच्या पावसाळ्यात तांबूस होऊन वर आल्या. पुसायचं नसतं हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून तसंच ठेवलंय.

त्या दिवशी नाण्यावरून सुरू झालेलं बोलणं डिझाइनवर गेलं. साडूंचं म्हणणं, इमारत काय छापता, माणूस पाहिजे. बघितल्याबरोबर लोकांनी हात जोडले पाहिजेत. आमच्या दुकानात लक्ष्मीचे शिक्के उगाच खपतात का? हे अहिल्याबाईंचं नाणं निघाल्यावर तर त्यांनी मला मुद्दाम फोन केला, "बघा, आता कसं नाणं वाटतंय!"

मी त्यांना महेश्वरचा रुपया बघायला बोलावलं. खुद्द अहिल्याबाईंच्या राज्यात पडलेला. मजकूर फारसी आणि शाहआलम बादशहाच्या नावाचा, कारण तेव्हाची रीतच ती. पण त्या मजकुराच्या मध्ये शिवलिंग आणि बेलाचं पान. बाईंचा चेहरा नाही. हुकमांवर ‘श्री शंकर’ लिहिणारी बाई, राज्य शंकराचं आणि आपण कारभारी असं मानणारी. तिने नाण्यावर बेलाचं पान ठेवलं. तिच्या तीनशेव्या वर्षी नाण्यावर काय हवं होतं याचं उत्तर तिनेच सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. चांदवडचा रंगमहाल आपल्या जिल्ह्यात, होळकरांची टांकसाळ चांदवडला, ‘चांदोरी’ रुपया इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होता, आणि आपण मात्र कॅलेंडरवरचं चित्र बघून खूश!

शिवाजी महाराजांनी तरी कुठे चेहरा घातला होता? शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. संपलं. १९९९ साली दोन रुपयांच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आला तेव्हा सगळ्यांनी जपून ठेवला, मीही ठेवला. पण शेजारी झिजलेली शिवराई ठेवून बघा आणि सांगा नजर कुठे जाते.

साडू म्हणाले, "तेव्हा चेहरा कोरता येत नसेल हो." इथे माझं डोकं फिरलं. नाशिकच्या माणसाने असं बोलावं? १९०६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा घडा सापडला, १३,२५० नाणी. सगळी शक राजा क्षत्रप नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि ती नाणी वितळवत बसला नाही. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर त्याने आपला ठसा मारलेला आहे. एकीकडे तीन कमानींची टेकडी आणि खाली नागमोडी रेघ, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना गोल असलेली फुली. एका मित्राकडचं असं नाणं मी भिंगाखाली पाहिलंय. टेकडीच्या कमानीतून नहपानाचं नाक आणि गालाचा उंचवटा अजून डोकावतो. ठसा जरा तिरका बसलाय, कारागीर घाईत असणार. पांडवलेण्यात गौतमी बलश्रीने मुलाच्या पराक्रमाचा भला मोठा लेख कोरवला, पण बाजारात भाजी घेणाऱ्याला राज्य कोणाचं आलं ते त्या टेकडीने सांगितलं. चेहऱ्यावर खूण मारून जिंकलेलं राज्य आहे हे, आणि आम्ही परत चेहऱ्याकडे!

आता साडू हे वाचतील म्हणून सांगून टाकतो: सातवाहनांनी पुढे स्वतःचे चेहरेही नाण्यांवर टाकले. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांची चांदीची नाणी तशीच आहेत, आणि देखणी आहेत. खूण टाकली म्हणजे काम झालं असंही नाही. २००६ च्या सुमारास दोन रुपयांच्या नाण्यावर ‘विविधतेत एकता’ म्हणून चार रेघांची फुली आणि चार ठिपके आले. लोकांना त्यात क्रूस दिसला, ओरडा झाला, पुढच्याच वर्षी नृत्यमुद्रांचे हात आले. समजावून सांगावी लागणारी खूण वाईटच. उलट २०१० चं आयकराच्या १५० वर्षांचं १५० रुपयांचं नाणं बघा. चाणक्य आहे, पण सोबत कमळ आणि मधमाशी. फुलाला धक्का न लावता मध घ्यावा तसा कर घ्यावा, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. माशी काढा, उरतो एक शेंडीवाला माणूस.

आमच्या सिंहस्थाचं नाणं काढायचं झालं तर रामकुंडाचा फोटो नको, एवढंच मागणं आहे. गुरू सिंह राशीत येतो म्हणून सिंहस्थ. जहांगीराने १६१८ पासून महिन्याच्या नावाऐवजी राशीची चित्रं घालून नाणी पाडली, त्यात सिंहही आहे. त्या तोडीचा सिंह काढा. साडूंना विचारलं तर ते गोदामाईची मूर्ती म्हणतील.

घ्यावं का? आवडलं तर घ्या. गुंतवणूक म्हणून नको. दर्शनी किंमत ३०० असली तरी ही नाणी चलनात फिरत नाहीत, टांकसाळी संच करून जास्त किमतीला विकतात, आणि पुढे भाव वाढेलच असं नाही. अडचणीला वितळवू म्हणाल, तर २०११ च्या नाणे कायद्याने तो गुन्हा आहे (साडूंना हे पटत नाही). ऑनलाइन ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो मिळवा’ असल्या जाहिराती दिसतील, त्यात आधी तुमच्याकडूनच ‘फी’ मागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये त्याबद्दल इशारा दिलाय.

टांकसाळींच्या अधिकृत साइटवर बुकिंग उघडतं तेव्हा नोंदवा, दलालाकडून दुप्पट देऊ नका. त्याआधी एखाद्या रविवारी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेकडे जा, उघडी असल्याची खात्री करून. आणि घरात पूजेला नाणं मांडायची पद्धत असेल तर प्रूफ घेऊ नका, साधा अनसर्क्युलेटेड (चलनात न फिरलेल्या साध्या नाण्यांचा) संच घ्या.