चर्चच्या बांधकाम कमिटीत नवीन आहात? आधी छप्पर बघा

अभिनंदन, आणि घाबरू नका. जुन्या चर्चच्या दुरुस्तीच्या या कामातून मी दोनदा गेलोय. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा.

पहिली, नकाशे आणि रंगीत चित्रं नंतर. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारतीची तपासणी. जुन्या इमारतीचा खरा शत्रू पाणी. भर पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर जा. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं, तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. आम्ही आधी आतून रंग दिला, छप्पर नंतर. एका पावसाळ्यात भिंतींना पोपडे! आणि भिंती चुन्यातल्या असतील तर वरून सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, विटा भुगा होऊन झडतात. गवंडी नेमका तोच सुचवतो.

दुसरी, पैसे. कबूल केलेलं दान म्हणजे हातात आलेलं दान नव्हे. कुणी गाव बदलतं, कुणाची नोकरी जाते. अंदाजपत्रकावर १० ते १५ टक्के राखीव ठेवा. जुनी भिंत उघडली की काहीतरी निघतंच. निधीचं खातं वेगळं, सह्या दोघांच्या, हिशेब दर महिन्याला फलकावर.

तिसरी, मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, आधी विचारा. बाकं हलवण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पैशांवरूनही होत नाहीत, खरंच. काम चालू असताना उपासना कुठे, हे ठरल्याशिवाय कुदळ मारू नका.

कर्ज, टप्प्यांचे करार वगैरे सध्या बाजूला. तपासणीचा अहवाल आला की कळवा, मग बोलू.