डिप्लोमा करून सीओईपीत जाणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पुण्याच्या सीओईपीच्या, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या, यादीत तुझं नाव लागल्याचं कळलं तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी पेढे मागवले. तुझा फोन आला तेव्हा मात्र आवाजात आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. "मॅडम, तिथे डी टू डीवाल्यांना दुय्यम समजतात का हो?" असं तू विचारलंस. डी टू डी, म्हणजे डिप्लोमावरून थेट डिग्रीला आलेले. फोनवर मी उत्तर टाळलं, कारण ते दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. मीही डिप्लोमा करूनच थेट दुसऱ्या वर्षाला तिथे गेले होते आणि हाच प्रश्न गाठीला बांधून गेले होते.

'दुय्यम' हा शब्द त्या कॉलेजच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. १८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. इंग्रज सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे, इमारती उभारायच्या होत्या आणि त्यासाठी हाताखालची माणसं हवी होती. आराखडा साहेबाने करायचा. मोजणी, हिशेब आणि मजुरांवरची देखरेख इथल्या माणसाने. एवढ्यासाठीच ती शाळा काढली होती. म्हणजे आज जिचं नाव ऐकून तुझी छाती धडधडते, ती संस्था सुरुवातीला आपल्या तंत्रनिकेतनाच्याच जातकुळीतली होती. हे मला तिथे शिकत असताना कुणी सांगितलं असतं, तर माझे सुरुवातीचे चार महिने वाचले असते.

पुढे ५ ऑगस्ट १८६५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मुख्य इमारतीची पायाभरणी केली. ती दगडी इमारत आजही उभी आहे. पहिल्या दिवशी सगळे तिच्यासमोर फोटो काढतात, तूही काढ. पण एखाद्या दुपारी गर्दी नसताना परत जा आणि तिचं दगडकाम जवळून बघ. आत वावरलेल्या सगळ्या बॅचेस येऊन गेल्या, ती जागच्या जागी आहे.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाल्यावर तिथे पदवीचं शिक्षण सुरू झालं. मधली बरीच वर्षं त्याचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' होतं आणि शेतकीचे वर्गही तिथेच भरत. पुण्याचं शेतकी कॉलेज त्यातूनच पुढे वेगळं झालं. त्या सायन्स कॉलेजात म्हैसूरकडचा एक गरीब घरातला मुलगा शिष्यवृत्तीवर शिकायला आला आणि १८८३ साली एल.सी.ई.च्या, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीच्या, परीक्षेत पहिला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. अभियंता दिनाला आपण दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो, पण त्यांचं पुण्याजवळचं काम किती जणांना माहीत असतं? खडकवासला धरणाची भिंत न वाढवता पाणी जास्त साठवायचं होतं. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपसूक उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. साल १९०३. त्या काळी पुराच्या रात्री सांडव्यावर माणूस पाठवून दरवाजे उचलायचे म्हणजे काय, याची कल्पना कर, मग त्या 'आपोआप'चं मोल कळेल. हाताखालची माणसं घडवायला काढलेल्या शाळेत शिकलेल्या माणसाने हे केलं. म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: दुय्यम म्हणून सुरुवात होणं आणि दुय्यम राहणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

१९११ साली 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' हे नाव आलं. १९४९ला पुणे विद्यापीठ निघाल्यावर कॉलेज त्याच्या छत्राखाली गेलं, मग स्वायत्तता आली आणि २०२२ साली राज्य सरकारच्या कायद्याने ते स्वतःच विद्यापीठ झालं. बाहेरच्यांना वाटतं फक्त पाटी बदलली. तसं नाही. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि स्वतःच्या नावाने पदवी देणं, हे तिन्ही आता त्याच आवारात होतं. ओव्हरसिअर पुरवणाऱ्या वर्गापासून इथवर यायला १६८ वर्षं लागली. तेव्हा एखादा विषय कालबाह्य वाटला किंवा प्रयोग जुनाट वाटला, तर कट्ट्यावर कुरकुर करून थांबू नकोस. अभिप्राय मागतील तेव्हा नीट, कारणं देऊन लिही. आता 'वरून असंच आलंय' असं म्हणायला वर दुसरं कुणी नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येते. तुला अवघड जाणार आहे ते गणित. बारावी करून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षात जे गणित पक्कं केलेलं असतं, ते तुझ्या हातून निसटलेलं आहे. पहिल्या चाचणीत मला २० पैकी ६ मार्क पडले. मी ती उत्तरपत्रिका कुणाला दाखवली नाही आणि मागच्या बाकावर बसायला लागले. ही चूक माझी होती. होस्टेलवर शेजारच्या खोलीत एक बारावीवाली मुलगी होती. तिला मशीन ड्रॉइंग अजिबात जमत नसे. असेंब्लीचं चित्र पाहून आतला भाग डोळ्यांपुढे येत नसे. मला ते झोपेतही जमायचं, कारण तीन वर्षं लेथवर उभं राहून, हाताने कानस मारून ते जॉब मी केलेले होते. एका रात्री ती रडकुंडीला आली, म्हणून मी तिला साबणाची वडी कापून सेक्शन, म्हणजे आतला छेद, दाखवला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत गणितातलं लॅप्लास ट्रान्सफॉर्म शिकवायला बसली. वर्षभर आमचा हा व्यवहार चालला. तुझ्या हातात जे आहे ते त्यांना हवं आहे, हे विसरू नकोस आणि तुला जे येत नाही ते विचारायला चौथ्या महिन्यापर्यंत थांबू नकोस.

दुसरी अडचण कुणी सांगत नाही. तू जाशील तेव्हा सगळ्यांचे ग्रुप पहिल्या वर्षातच जमलेले असतील. त्यावर मला बोट क्लबचा उपाय सापडला.

१९२८ सालापासून मुळा-मुठेच्या काठी हा क्लब आहे आणि तो विद्यार्थीच चालवतात. होड्यांची डागडुजी, नव्या मुलांना शिकवणं, वर्षाच्या शेवटी होणाऱ्या रेगाटाची, म्हणजे नौका-उत्सवाची, तयारी, सगळं वरच्या वर्षाची मुलं खालच्यांना शिकवतात. रेगाटात निमुळत्या कयाक असतात, सपाट तळाच्या पंट होड्या असतात, अंधार पडल्यावर हातात मशाली घेऊन नाच होतो आणि काठावर पुणेकर गर्दी करतात. पण मला रेगाटापेक्षा त्याआधीचे महिने आठवतात. पाण्यावर डिप्लोमावाली आणि बारावीवाली असा भेदच राहत नाही, कारण वल्हं दोघींनाही येत नसतं. पंट फॉर्मेशनमध्ये एकीचा तोल गेला की अख्खी रांग बिघडते, त्यामुळे शेजारणीचा श्वाससुद्धा ओळखीचा होतो. नदीची अवस्था बघून तुला वाईट वाटेल, मलाही वाटायचं. पाण्याला वास येतो, जलपर्णी माजते. त्या पाण्यावर रोज उतरणाऱ्याला पर्यावरणाचा विषय वेगळा शिकवावा लागत नाही. आणि पोहायला शिकून जा.

बोटीत मन रमलं नाही, तर एखाद्या तांत्रिक क्लबमध्ये जा, पण नुसतं प्रमाणपत्रासाठी नको. 'स्वयम्' उपग्रह तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन जेमतेम किलोभर. २२ जून २०१६ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ने तो इतर एकोणीस उपग्रहांबरोबर अवकाशात नेला. त्या कामाला कितीतरी वर्षं लागली. ज्यांनी सुरुवात केली ती मुलं उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडली होती. आपण पुरं होताना पाहणार नाही असं काम नीट करायचं, त्याच्या नोंदी स्वच्छ ठेवायच्या आणि पुढच्या बॅचच्या हाती द्यायचं, हे शिक्षण कुठल्याच पेपरात नाही. तुला असं काही मिळालं, तर मार्क थोडे कमी पडले तरी चालतील असं मी तुझी शिक्षिका असून म्हणते.

मुलींबद्दल तुझी आई काळजीने विचारत होती. तिला सांग, पुढे उद्योगक्षेत्रात मोठं नाव कमावलेल्या लीला पूनावाला यांनी १९६७ साली तिथून मेकॅनिकलचीच पदवी घेतली, तेव्हा त्या शाखेत मुलगी दिसणंच नवल होतं. आता तुला सोबत भरपूर असेल.

प्लेसमेंटबद्दल आत्ताच विचारू नकोस. ती तिसऱ्या वर्षानंतरची गोष्ट आहे, तेव्हा बोलू. विद्युत अभियांत्रिकीतले नामवंत संशोधक थॉमस कैलाथ आणि कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे सी. के. एन. पटेल दोघेही तिथलेच, हे तुला पहिल्याच आठवड्यात दहा जण सांगतील. अभिमानाने ऐक, पण ती त्यांची कमाई आहे.

कागदपत्रांच्या तीन झेरॉक्स काढून ठेव, होस्टेलचा अर्ज वेळेत भर. तुझ्या वर्कशॉपच्या वह्या रद्दीत देऊ नकोस, त्या बरोबर ने. आणि जायच्या आधीच्या रविवारी घरी ये. लॅप्लासची माझी जुनी वही मी कपाटातून काढून ठेवली आहे. पहिली दोन प्रकरणं आपण एकत्र बसून करू.

तुझी,
मॅडम