आराखडा वाचला, आता थोडी काटछाट

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा दोनदा वाचला. रात्रपाळी करणाऱ्या माणसांची दिवसाची झोप हा विषय चांगला आहे, त्यावर दुमत नाही. माझी कुरकुर आहे ती खालच्या यादीबद्दल. वीस मिनिटांचा माहितीपट, पाच भागांचा पॉडकास्ट, छायाचित्रांची मालिका, एक ॲनिमेशन आणि या सगळ्याला पोटात घेणारी इंटरॅक्टिव्ह वेबसाइट. हातात आठवडे चौदा आणि राबणारं माणूस एक. समितीवर छाप पाडायला ती यादी लिहिली असशील तर समजू शकतो, पण मग निदान तू तरी तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

नेमून दिलेल्या कामात हद्द दुसरं कुणीतरी आखून देतं: इतकी मिनिटं, इतके शब्द, अमुक तारीख. इथे विषय तुझा, माध्यम तुझं, वेळापत्रकही तुझंच. त्यामुळे 'हे नको' म्हणायचं कामही तुझ्याच गळ्यात पडतं. तुझे मार्गदर्शक सुचवतील, फार तर भुवया उंचावतील. हात धरून अडवणार नाहीत, आणि अडवूही नये.

तर आधी प्रश्न ठरव. 'रात्रपाळी आणि झोप' हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर काम करता येईल, चौदा आठवड्यांत नाही. प्रश्नचिन्हाने संपणारं एक वाक्य लिही. तुझ्या टिपणात तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, बहुधा सहज लिहून गेलेली: 'घरातली बाकीची माणसं दिवसभर हळू आवाजात जगायला शिकतात.' मला वाटतं तुझा प्रकल्प तिथे आहे. दिवसा झोपणाऱ्या माणसाभोवती त्याचं घर स्वतःला कसं बदलतं? आता बघ, हा प्रश्न कोणतं माध्यम मागतो. अर्धवट लावलेलं दार, बारीक धारेने सोडलेला नळ, मुलांना दिलेली दबक्या आवाजातली दटावणी, अचानक वाजलेली बेल. हे सगळं ऐकायचं आहे. कॅमेरा बंद दाराबाहेर उभा राहून काय टिपणार?

म्हणून माझं मत असं: पंधरा मिनिटांची एक ध्वनिकथा, सोबत झाकलेल्या खिडक्यांची सात-आठ छायाचित्रं, आणि दोन्ही जिथे एकत्र भेटतील असं एक साधं वेबपान. माहितीपट आणि ॲनिमेशन काढून टाक. प्रत्येक माध्यमाला एकच कसोटी लाव: हे काढलं तर प्रश्नाच्या उत्तरातलं काय हरवेल? काहीच हरवत नसेल तर ते शोभेसाठी होतं. हे वाचून तुझा जीव थोडा तुटेल, पण परीक्षकांना पाच माध्यमांची तोंडओळख दाखवण्यापेक्षा एका माध्यमावरची पकड दाखवणं केव्हाही बरं.

या काटछाटीचा व्यवहारी फायदाही ऐक. सेकंदाला 100 मेगाबिट या दराने 4के चित्रीकरण केलंस तर एका तासाला 45 जीबी जागा लागते. सहा तासांच्या मुलाखती म्हणजे 270 जीबी, आणि त्याच्या तीन प्रती ठेवायच्या म्हटल्या तर 810. याउलट 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटची एका चॅनेलची वेव्ह, म्हणजे आवाजाची, फाइल तासाला साधारण अर्धा जीबी घेते. सहा तासांचे जेमतेम तीन जीबी झाले. तीन प्रती मात्र तरीही ठेवायच्या: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री, झोपण्याआधी. फाइलचं नाव तारखेने सुरू कर, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे त्या आपोआप ओळीत लागतील. 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरंच फायनल' अशी वंशावळ मला दिसली तर त्या दिवशी बाकी काही न बघता तुला परत पाठवेन.

रेकॉर्डिंगला जाशील तेव्हा खोलीत शिरल्यावर आधी बोलू नकोस. हेडफोन लावून मिनिटभर नुसतं ऐक. फ्रिजची घरघर आपल्या कानांना ऐकूच येत नाही, कारण मेंदू ती गाळून टाकतो. मायक्रोफोन गाळत नाही. मुलाखतीच्या मध्यात फ्रिज बंद पडला की संपादनात पंचाईत होते. अलीकडच्या वाक्यामागे घरघर, पलीकडच्या वाक्यामागे शांतता, आणि दोन्ही जोडली की सांधा ठळक ऐकू येतो. घरच्यांना विचारून फ्रिज बंद करायचा आणि आपली किल्ली फ्रिजच्या आत ठेवायची. निघताना किल्ली शोधावीच लागते, त्यामुळे फ्रिज पुन्हा सुरू करायचा राहत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीची निदान तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड कर. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संपादनात सांधे बुजवायला तीच कामी येते. पातळी ठेवताना सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे. हळू रेकॉर्ड झालेला आवाज वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

एथिक्सच्या मंजुरीचा अर्ज मात्र आजच घे. लोकांच्या घरात, तेही झोपण्याच्या वेळी जायचं आहे, तेव्हा एथिक्सची समिती प्रश्न विचारणारच, आणि त्यात आठवडे जातात. मंजुरीआधी केलेलं रेकॉर्डिंग वापरता येणार नाही असं धरून चाल. संमतीपत्रावर सही घेतली की काम संपलं, असंही समजू नकोस. समजा, एखादा सुरक्षारक्षक बोलण्याच्या ओघात सांगून गेला की पहाटे चारला त्याचा डोळा लागतो. तुझ्यासाठी ते सोन्यासारखं वाक्य आहे, त्याच्यासाठी नोकरीचा प्रश्न. नाव बदलून भागत नाही, ओळखीच्या माणसाला आवाज पुरतो. अशी वाक्यं त्याला पुन्हा ऐकव आणि मग विचार. अमुक तारखेपर्यंत माघार घेता येईल, हे पत्रात स्पष्ट लिही, आणि ती तारीख तुझं संपादन पक्कं होण्याच्या आधीची ठेव.

आता वेळेचं. 1994 साली ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना काम कधी संपेल ते विचारलं. अंदाज सरासरी 33.9 दिवसांचा आला. सगळंच बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं. उत्तर होतं 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5. म्हणजे त्यांनी मुद्दाम वाईटात वाईट धरलेला हिशेबही अपुरा पडला. तुझ्या वेळापत्रकात 'संपादन: एक आठवडा' असं लिहिलंय, ते वाचून मला हे आकडे आठवले. एका तासाचं बोलणं हाताने उतरवून काढायला सराव नसलेल्याचे पाच-सहा तास सहज जातात. मशीनकडून उतरवून घेतलंस तरी नावं, बोलीतले शब्द आणि दोघं एकदम बोलतात त्या जागा तपासाव्या लागतातच. तुझ्या प्रत्येक अंदाजाला दीडने गूण. दीडही कमीच आहे, पण त्याहून जास्त सांगितलं तर तू ऐकणार नाहीस.

आणि माझं सगळ्यात ठाम म्हणणं हे: चौथ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण प्रकल्प माझ्यासमोर हवा. चांगला नको, पूर्ण हवा. मुलाखती झाल्या नसतील तर तुझ्याच आवाजात 'इथे परिचारिकेची मुलगी शाळेतून आल्यावर काय करते ते सांगेल' असं बोलून ठेव. छायाचित्रांच्या जागी फोनवर काढलेले फोटो चालतील, वेबपान उघडंबोडकं चालेल. पण सुरुवात, मध्य आणि शेवट सलग ऐकता आला पाहिजे. बहुतेक जण पहिली तीन मिनिटं घोटत, चमकवत बसतात आणि शेवट अखेरच्या दोन रात्रींत उरकतात. ऐकणाऱ्याला तो उरक लगेच कळतो. कच्चं पण आख्खं समोर असलं की कोणती मुलाखत घ्यायचीच नाही हेही समजतं, आणि त्यातच खरा वेळ वाचतो.

त्यानंतरचं पुढे-मागे होईल, पण नववा आठवडा संपला की नवीन रेकॉर्डिंग बंद. कितीही अप्रतिम माणूस भेटला तरी. अकराव्यात दोन अनोळखी लोकांना ऐकव. मित्र नकोत, ते चांगलंच म्हणणार. 'आवडलं का?' असं विचारू नकोस. ते ऐकत असताना फोनकडे कधी बघतात, तेवढं घड्याळ लावून टिपून घे. बाराव्यात संपादन पक्कं. उरलेले दोन आठवडे आवाजाचं मिश्रण, वेबपान आणि लेखी अहवाल यांचे, आणि ते पुरतील की नाही याची मला आत्तापासून धाकधूक आहे.

अहवालाची तयारी मात्र आजपासून. गुणदानाचे निकष काढून वाच. अशा प्रकल्पात निर्णयांची कारणमीमांसा बहुधा विचारतातच, आणि तिसऱ्या आठवड्यात एखादी गोष्ट का सोडली, हे तेराव्या आठवड्यात कुणालाही आठवत नाही. रोज चार ओळी लिही: काय केलं, काय वगळलं, का. आजची पहिली नोंद तयारच आहे, माहितीपट का काढला. मी सांगितलं म्हणून असं लिहू नकोस. पटत नसेल तर भांडायला ये.

मार्गदर्शकांच्या भेटीलाही रिकाम्या हाताने जाऊ नकोस. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला 'छान चाललंय' याखेरीज उत्तर नसतं. दोन सुरुवाती घेऊन जा आणि कोणती ठेवू ते विचार. बाहेर आल्यावर ठरलेलं दोन ओळींत ईमेल कर, म्हणजे पुढच्या भेटीत दोघांनाही वेगवेगळं आठवणार नाही.

वेबपानाबद्दल थोडकंच. ध्वनिकथेचं पूर्ण लेखी रूप पानावर दे, ऐकू न येणाऱ्यालाही तुझी गोष्ट मिळाली पाहिजे. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण (कॉन्ट्रास्ट) निदान 4.5 ला 1 ठेव. गडद निळ्यावर राखाडी अक्षरांची तुझी कल्पना रात्रीच्या मूडला साजेशी आहे, वाचायला छळ आहे. आणि पानाचा, ते चालू असताना, एक स्क्रीन रेकॉर्डिंग करून सोबत जमा कर. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार बंद झाला, तेव्हा त्यात केलेली विद्यार्थ्यांची कितीतरी चांगली कामं नव्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. तुझं पान इतक्यात बंद पडणार नाही, पण परीक्षकांच्या मशीनचा काय भरवसा?

शुक्रवारी येताना तीन गोष्टी आण: प्रश्नाचं ते एक वाक्य, भरलेला एथिक्सचा अर्ज, आणि कुठल्याही एका घरातल्या दुपारचं नव्वद सेकंदांचं रेकॉर्डिंग, माणसांच्या बोलण्याशिवाय. अर्ज मंजूर व्हायचा आहे, तेव्हा ते तुझ्याच घरात कर. विभागातला चांगला रेकॉर्डर पाचव्या ते नवव्या आठवड्यासाठी आत्ताच नावावर लावून ठेव, सगळ्यांना तो त्याच दिवसांत हवा असतो. आणि सोबतच्या बॅटऱ्या बघून घे, मागच्या खेपेला त्या डब्यात एकच होती.

तुझे,
सर