थिंड यांचा युक्तिवाद आणि माझा एक प्रश्न

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. दुकानातला पहारेकरी तुझ्या मागेमागे फिरत राहिला, हे वाचून वाईट वाटले. तो अपमान खरा आहे; कोणी कितीही समजावले तरी तो क्षुल्लक मानू नकोस. मात्र ‘आपण गोरे नाही, म्हणजे आपण आपोआपच सोसणाऱ्यांच्या बाजूचे’ असे जे तू लिहिले आहेस, ते मला पटलेले नाही.

पंजाबातून अमेरिकेत आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्या काळी परदेशातून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच तेथील नागरिकत्व मिळे. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे थिंड यांच्या बाजूने हा कायदाच अन्यायाचा आहे असे कोणी म्हटले नाही. ते उच्चवर्णीय आर्य आहेत म्हणून गोरेच ठरतात, असे मांडले गेले आणि त्याला जोड म्हणून, उच्चवर्णीय हिंदू लग्नसंबंधाच्या बाबतीत आपल्याकडच्या आदिवासींना जसे दूर ठेवतो तसेच अमेरिकन माणूस काळ्यांना ठेवतो, हेही सांगितले गेले. न्यायालयाने दावा फेटाळला आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्वही पुढे काढून घेतले गेले. निकाल वंशद्वेषाचाच होता, पण मला सलतो तो आपल्या बाजूचा युक्तिवाद.

अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी जन्मदेशानुसार ठरणारे कोटे १९६५ च्या कायद्याने गेले आणि तो कायदा काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या हवेत झाला. मी त्याच दारातून आत आलो आणि कितीतरी वर्षे ते दार माझ्या गुणपत्रिकेने उघडले असे समजत राहिलो.

आता माझेच सांगतो. गणेशोत्सवाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका नव्या मुलाला मी आडनाव विचारले. त्यावरून काही उलगडेना म्हणून गाव विचारले आणि मग, गावात घर नेमके कुठल्या आळीत, असेही विचारले. त्याने वरणभात कालवणारा हात थांबवला. मी काय विचारतो आहे, हे त्याला माझ्या आधी कळले होते. पुढच्या वर्षी तो आला नाही, आणि मीही चौकशी केली नाही.

म्हणून दुकानाकडे लेखी तक्रार अवश्य कर, मसुदा आधी मला पाठव. त्यासोबत आणखी एक कागद लिही: पुण्यात खोली भाड्याने घेताना तुझे आडनाव ऐकल्यावर घरमालकाने पुढे काय काय विचारले नाही, ते आठवून.

तुझा,
काका