पणजोबांची पलटण कोणती? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरातील लष्करी वेशातील जुन्या छायाचित्रांविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रे या अंकासाठी निवडली. बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे पलटणीचे नाव. ते मिळू शकते, पण एका खुणेवर विसंबून नाव ठरवू नये, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा जुळल्या, तरच फोटोच्या मागे पलटण लिहावी.

प्रश्न : पुठ्ठ्यावर डकवलेला आमच्या पणजोबांचा एक फोटो घरात आहे. अंगात बिनकॉलरचा लांब खाकी कुर्ता, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि डोक्याला फेटा आहे. खांद्यावर धातूचा तीन अंकी आकडा असून पहिले दोन अंक ‘११’ दिसतात, तिसरा पुसट आहे. ते बसऱ्याच्या लढाईत मराठा पलटणीत होते, असे आजी सांगत असे. पलटण कशी ओळखावी? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आपल्या फोटोतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तो आकडा. हिंदी सैन्यातील पलटणींना १९०३ मध्ये एका सलग यादीत नवे क्रमांक मिळाले आणि त्या वेळी मुंबई इलाख्याच्या जुन्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. तिसरी होती ती १०३ वी झाली, दहावी होती ती ११० वी झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत हे तीन अंकी क्रमांक गेले. म्हणजे आपला फोटो १९०३ ते १९२२ या काळातील आहे, हे अन्य कोणत्याही पुराव्याशिवाय सांगता येते. लांब खाकी कुर्ताही पहिल्या महायुद्धातील हिंदी पायदळाच्या वेशाशी जुळतो.

आता तिसऱ्या अंकाकडे वळू. मराठा नावाच्या पलटणी तेव्हा सहा होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. आपल्या आकड्याची सुरुवात ‘११’ने होत असल्याने चार उरतात. मात्र १११ वी महार, ११२ वी, ११३ वी आणि ११९ वी याही पलटणी होत्या, त्यामुळे ‘११’ दिसले म्हणजे मराठा पलटण, असे गृहीत धरता येत नाही. आपण पाठवलेली प्रत मोठी करून पाहिली, तेव्हा तिसऱ्या अंकाची डावी कड वरपासून खालपर्यंत गोलाकार दिसली आणि आत पोकळी दिसली. हा ७ किंवा ४ खचित नाही, १ ही नाही. तो ० किंवा ६ असावा. मूळ फोटो किमान १२०० डीपीआयवर स्कॅन करून खांद्याचा तेवढाच भाग पाहावा, आणि एकदा फोटोवर बाजूने तिरपा उजेड पाडून भिंगातून पाहावे. वरच्या टोकाला फट दिसली तर ६, कड पूर्ण मिटलेली असेल तर ०.

हा फरक लहान वाटला तरी त्याने पणजोबांची सारी हकिगत बदलते. ११० वी पलटण १०३ व्या आणि ११७ व्या पलटणीबरोबर सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये (डिव्हिजन म्हणजे अनेक पलटणींचे मोठे दल) होती आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली होती. उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली आणि हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. ११६ वी त्या वेढ्यात नव्हती, पण तीही मेसोपोटेमियात लढली. म्हणून ‘बसऱ्याला होते’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मराठा पलटणींपैकी बहुतेकींनी बसऱ्याचा धक्का पाहिला होता. घरातील वयस्कर मंडळींना पलटणीचे नाव विचारू नका, कारण ते पिढ्यांच्या ओघात बदलते. ते कैदेत होते काय, घोड्याच्या मांसाची काही आठवण सांगत काय, गावी परतले ते लढाई संपल्यावर किती दिवसांनी, असे प्रश्न विचारा. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली होती आणि अनेक हिंदी शिपायांनी ते नाकारले होते. अशी गोष्ट घरात टिकून राहते.

शेवटचा शब्द मात्र पदकांचा. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि ‘व्हिक्टरी मेडल’ यांच्या कडेवर आणि ‘१९१४–१५ स्टार’च्या पाठीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कड घासली गेली असली तरी उजेडात फिरवून पाहिल्यास अक्षरे लागतात. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीऐवजी काशाचे निघाले, तर पणजोबा लढणाऱ्या पलटणीत नसून मजूर किंवा हमाल दलात असण्याची शक्यता मोठी. त्यांनी ओझी वाहिली आणि रस्ते बांधले. त्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही. त्यांच्याशिवाय त्या वाळवंटात एकही तोफ पुढे सरकली नसती.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पणजोबांचे नाव सापडत नाही, असेही आपण लिहिले आहे. त्या यादीत फक्त युद्धकाळात मरण पावलेल्यांची नावे असतात आणि आपले पणजोबा घरी परतले होते. ज्यांचे पूर्वज परतले नाहीत, त्यांनी तेथे अवश्य शोध घ्यावा. बसरा स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावे त्या भिंतीवर नाहीत, तेथे केवळ त्यांची संख्या कोरली आहे. संकेतस्थळावरील नोंदीत मात्र वडिलांचे नाव आणि गाव अनेकदा असते. शोधताना जिल्ह्याचे जुने इंग्रजी लेखन ‘शोलापूर’ वापरावे आणि आडनाव तीन-चार प्रकारे लिहून पाहावे, कारण ते लिहिणारा कारकून ऐकू आले तसे लिहीत असे.

प्रश्न : आजोबांच्या फोटोत कॉलरचा शर्ट, हाफपँट आणि छातीवर दोन मोठ्या कापडी पिशव्या आहेत. बाहीवर दोन फिती, आणि दंडाच्या वरच्या बाजूला पक्ष्याचे चित्र असलेला कापडी बिल्ला आहे. घरचे ब्रह्मदेश म्हणतात, शेजारचे एक निवृत्त सैनिक काका इटली म्हणतात. (एक वाचक, सांगोला)

उत्तर : त्या दोन पिशव्या १९३७ च्या नमुन्याच्या पट्ट्याच्या आहेत, म्हणजे फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मानण्यास हरकत नाही. दोन फिती नाईकाच्या. एक फीत असती तर लान्स नाईक, तीन असत्या तर हवालदार. खांद्यावर एक तारा असता तर जमादार, दोन तारे सुभेदाराचे आणि मुकुट सुभेदार-मेजरचा.

दंडावरचा बिल्ला पलटणीचा नसून डिव्हिजनचा असतो, आणि आपल्या घरातला वाद नेमका तेथे आहे. चौथ्या हिंदी डिव्हिजनचे चिन्ह गडद पार्श्वभूमीवर लाल गरुड होते आणि ही डिव्हिजन आफ्रिका व इटलीत लढली. तेविसाव्या डिव्हिजनचे चिन्ह पिवळ्या वर्तुळात लाल झुंजार कोंबडा होते आणि ती इंफाळच्या आघाडीवर होती. दोन्ही पक्षी लाल असल्याने कृष्णधवल फोटोत पक्ष्यावरून निवाडा होत नाही. पाहायची ती त्यामागची जमीन. त्या काळच्या फिल्मवर पिवळा रंग सहसा उजळ उमटतो. आपल्या फोटोत पक्ष्यामागचे वर्तुळ शर्टापेक्षा स्पष्ट उजळ आहे आणि पक्षी उडत नसून शेपूट वर करून उभा आहे. माझ्या मते तो कोंबडा आहे आणि घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, म्हणजे त्या रेजिमेंटची चौथी पलटण, याच डिव्हिजनमध्ये होती आणि मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाकच्या लढाईत तिने भाग घेतला. आजोबा तिच्यातच होते असे मात्र फोटोवरून म्हणता येत नाही.

दुसरी खूण म्हणून ताऱ्याच्या आकाराची पदके पाहावीत. ‘बर्मा स्टार’, ‘इटली स्टार’ आणि ‘आफ्रिका स्टार’ आकाराने सारखेच सहा टोकांचे असतात, पण मधल्या गोलाभोवती ताऱ्याचे नाव कोरलेले असते. रिबनवर भरवसा ठेवू नका. ती नंतर बदललेली असू शकते.

‘मराठा लाइट इन्फंट्री’ एवढे कळल्यावर शोध थांबवू नये, कारण बटालियन वेगळी तर युद्धही वेगळे. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला कैद झाली. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोन्ही इटलीत. बटालियन ठरवायला डिस्चार्जचे पुस्तक किंवा पेन्शनचे कागद लागतील. त्यांवरील क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे विचारणा करावी; अर्ज कसा करावा याची चौकशी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येईल. हिंदी शिपायांचे सेवेचे कागद लंडनला असतात, असा समज सर्रास आढळतो. त्यावर विसंबू नका, शोधाची सुरुवात बेळगाव आणि सोलापूर येथूनच करावी.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात उंच खांब दिसतो. ते पहिल्या महायुद्धात होते असे म्हणतात. (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : तो कोरेगावचा विजयस्तंभ आहे आणि तो महार रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर होता. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, त्यामुळे हा फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील किंवा त्यानंतरच्या थोड्या वर्षांतील असला पाहिजे. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर स्तंभाबरोबर मशीनगन आल्या, स्तंभ पुढे बिल्ल्यावरून गेला. पहिल्या महायुद्धातील पलटण वेगळी. महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली होती, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पणजोबा तिच्यात आणि आजोबा १९४१ च्या रेजिमेंटमध्ये, अशी दोन्ही पिढ्यांची सेवा घरात एकाच माणसाच्या नावावर जमा झाली असण्याची शक्यता तपासावी. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील हा सर्वांत महत्त्वाचा धागा आहे, कारण तसे निघाले तर आपल्या घराण्यातील एक शिपाई आजवर विसरला गेला आहे. आजोबांचे जन्मवर्ष शाळेच्या दाखल्यावरून आधी नक्की करा.

प्रश्न : फोटोत साधारण दहा वर्षांच्या मुलाच्या छातीवर उजव्या बाजूला पदके आहेत. फोटो उलटा छापला गेला असेल काय? तो काचेला चिकटला आहे, काढावा काय? (एक भगिनी, शुक्रवार पेठ, सोलापूर)

उत्तर : कोटाची बटणे पाहा. पुरुषी कोटात डावी बाजू वर येते. उजवी वर आलेली दिसली तर फोटो उलटा आहे. आपल्या फोटोत डावी बाजूच वर आहे, म्हणून छपाई बरोबर आहे. स्वतःची पदके डावीकडे लावतात आणि दिवंगत आप्ताची उजवीकडे, अशी रीत आहे. त्यामुळे ती पदके मुलाच्या वडिलांची किंवा काकांची असावीत. फोटोची तारीख त्यांच्या निधनानंतरची धरावी आणि युद्धस्मारकांच्या यादीत त्यांचा शोध घ्यावा.

काचेपासून फोटो ओढू नका, पाणीही लावू नका. चेहऱ्याचा थर काचेवरच राहून जाईल. काचेसकट, सावलीत, दिव्याची चमक टाळून त्याचे छायाचित्र घ्यावे. चौकटीची मागची फळी तेवढी हलकेच काढून पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का किंवा हस्ताक्षर आहे काय ते पाहावे आणि त्याचेही छायाचित्र घ्यावे. फोटो टिपण्याच्या जुन्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळपास आंधळ्या होत्या, लाल काळा उमटे आणि निळा फिका. पदकांच्या रिबनचे रंग अशा फोटोवरून ठरवताना हे ध्यानात असू द्यावे. मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवल्यास पुढील अंकात त्याविषयी लिहीन.