बाबांना सांगायचं का, आणि अडकलेला ब्लॉक कसा सोडवायचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, गालाच्या आत न भरणारी जखम, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा कॅन्सर. घरचे म्हणतात बाबांना सांगू नका, मामा म्हणतात मुंबईला चला, आणि जिथे बायोप्सी झाली तो दवाखाना ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, द्यायला तयार नाही. शेवटी एका ओळीत हेही लिहिलं की खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, तुम्हीही खाता, पण ‘कमी’. माझ्या मोठ्या भावाचं जवळजवळ हेच झालं होतं, फक्त गालाच्या जागी जिभेची कड. म्हणून लिहून राहिलो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, हिशेबनीस आहे. स्टेज, ग्रेड, केमो लागेल की नाही, हे मला विचारू नका. एमआरआय, रक्ताच्या तपासण्या वगैरे तुम्ही करालच, त्यावरही लिहीत नाही.

आमच्याकडे पहिला निर्णय दादाच्या आजारावर झालाच नाही, बोर्डावर झाला. नागपुरात कॅन्सरसाठी जायचं म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय येतं, आता जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटही येतं. दोन्हींच्या पाटीवर तो शब्द ठळक लिहिलेला. आमचे काका म्हणाले, ‘पाटी वाचूनच पोरगा खचून जाईल, तिकडे न्यायचं नाही.’ काका तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे, सामुदायिक प्रार्थना एक दिवस चुकवणार नाहीत. तुकडोजी महाराजांना कॅन्सर झाला होता, त्यातच १९६८ साली ते गेले, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत, महाराजांनी तो कसा सोसला ते सांगताना डोळ्यांत पाणी आणत. त्याच महाराजांच्या नावाच्या दवाखान्यात पुतण्याला न्यायला मात्र ते तयार नव्हते. महाराजांना झालेला चालतो, आपल्या घरात झालेला चालत नाही.

मग दादाला एका साध्या खाजगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. तिथे बायोप्सी झाली, रिपोर्ट काकांच्या हातात पडला, आणि दादाला सांगितलं गेलं की दाताने घासून घासून इन्फेक्शन झालं आहे.

रिपोर्ट घेऊन आम्ही गुपचूप कॅन्सरच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती ब्लॉक आणि स्लाइड. तुमच्या घरी कोणी ‘रिपोर्ट आहे ना, मग ब्लॉक कशाला’ म्हणत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे अतिशय पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. कॅन्सरचं कोणतंही चांगलं रुग्णालय दुसऱ्याच्या कागदावर उपचार सुरू करत नाही, त्यांचा पॅथॉलॉजिस्ट त्या स्लाइड स्वतः बघतो. शंका असली तर ब्लॉकमधून नवे काप घेतो. त्यामुळे मुंबईला जा, जामठ्याला जा, की इथेच मेडिकलला (नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) जा, ब्लॉक लागणारच.

आणि इथेच आमचा वेळ गेला.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, ‘रिपोर्ट देला ना तुम्हाले, आता ब्लॉक कायले पाह्यजे?’ तिचा दोष नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने साहेबांकडे पाठवलं. साहेब ठरावीक वारीच येत. साहेब भेटले तेव्हा कळलं की तपासणी त्यांनी बाहेरच्या लॅबला दिली होती, ब्लॉक तिथे. लॅबवाले म्हणाले, आम्ही पेशंटला देत नाही, दवाखान्याला देतो. दवाखाना म्हणाला, लॅबने पाठवला की देऊ. लॅब म्हणाली, दवाखान्याने पत्र दिलं की पाठवू. पत्र कोण लिहिणार? साहेब. साहेब कधी येणार? पुढच्या वारी. मधे दिवाळी आली. मी हिशेबनीस माणूस, थकबाकीच्या वसुलीसाठी लोकांच्या दारात उभं राहायची सवय आहे, पण इतकं कोरं तोंड कुठे बघितलं नाही. कोणी नाही म्हणत नव्हतं, हीच पंचाईत. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी एक छापील अर्ज मिळाला. त्यावर दोन गोष्टी होत्या. एक, ‘निदान’ असा रकाना, तो भरायचा. दोन, खाली रुग्णाची स्वतःची सही. नातेवाईक चालणार असतील तर रुग्णाचं अधिकारपत्र, म्हणजे पुन्हा त्याचीच सही. आणि रुग्णाला तर आपल्याला दाताने घासलं आहे एवढंच ठाऊक.

घरात बैठक बसली. एकाने सुचवलं की सही आपणच ठोकून देऊ, कोण तपासतं. दुसऱ्याने सुचवलं की कागद दुमडून फक्त सहीची जागा पुढे करायची. आमची वहिनी फारशी बोलत नाही. ती म्हणाली, ‘सही त्यांचीच घेईन आणि वाचून दाखवूनच घेईन.’ आत जाऊन तिने दार लावलं. नंतर कळलं की दादाला आठवडाभर आधीच माहीत होतं. चौकातल्या पानठेलेवाल्याने त्याला खर्रा घोटून द्यायचं बंद केलं होतं. ‘भाऊ, तुमच्या काकांनी सांगितलं आहे, मला पाप नको,’ असं म्हणून. म्हणजे पानठेल्यावर सांगायला काकांना जड गेलं नाही, फक्त ज्याची जीभ होती त्याला सांगायचं नव्हतं.

आपल्याकडे सगळं असंच चालतं असं माझं मत आहे, आणि ते कडवट आहे हे मान्य. ही बातमी गल्लीला असते, नात्यातल्या लग्नाळू मुलींच्या सासरी जाईल या धास्तीने कुजबुजत का होईना पण पोचते, शेजारी चहाचा कप वेगळा ठेवतात (लागट आजार नाही हो हा, किती वेळा सांगायचं), पेशंटला तेवढं सांगत नाहीत. नागपुरात कॅन्सरच्या रुग्णांची नोंदणी १९८० पासून चालू आहे. सरकारदरबारी हा आजार इतक्या वर्षांपासून नाव-वयासह मोजला जातो, आणि घरात अजून त्याला ‘ते’ म्हणतात. लोक म्हणतात सांगितलं की माणूस खचतो. खचतो, खरं आहे. दादाही दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. पण तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः फाइल मागितली आणि कोणत्या डॉक्टरने काय म्हटलं ते मला विचारलं. तोवर आम्ही त्याच्या शरीराबद्दल त्याच्या पाठीमागे निर्णय घेत होतो.

सरसकट सगळ्यांना सांगाच असं मी म्हणत नाही. नव्वदीची आजी असेल, विसरभोळी असेल, ती गोष्ट वेगळी. पण तुमचे वडील अठ्ठावन्नचे आहेत, नोकरी करतात असं तुम्हीच लिहिलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर ते सही करणार, रेडिएशनला जातील तर तिथे रांगेत शेजारी बसलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारेल, ‘तुमचं कुठे आहे?’ तेव्हा कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. कोणी सांगायचं? ज्याच्याशी ते भांडतात त्याने. आमच्याकडे वहिनी. मामांना सांगू देऊ नका, मामा आधी रडतील.

आता ब्लॉक. मी जे नंतर शिकलो ते तुम्हाला आधीच देतो. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज करा: रुग्णाचं नाव, बायोप्सीची तारीख, लॅबचा नमुना क्रमांक, ‘दुसऱ्या मतासाठी ब्लॉक व स्लाइड हव्यात’, खाली वडिलांची सही. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मारत नसतील तर तोच अर्ज ईमेल करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या असं आहे. ब्लॉक हा ‘नोंद’ आहे का यावर वकील वाद घालू शकतील, मी वकील नाही. पण अर्जात ती ओळ आली की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो, हे मी बघितलं आहे. दुसरं मत घेण्याचा हक्क रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनंतर ती सनद दवाखान्यात लावायला हवी. तिथेच भिंतीवर असेल तर बोट दाखवा. नसेल तर ‘कुठे लावली आहे?’ एवढंच विचारा, भांडू नका. आमचे भांडलेले दिवस फुकट गेले, शिक्क्याचा दिवस कामी आला.

आणि ब्लॉक हातात आला की तिथेच उभं राहून त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवा. आम्हाला पहिल्यांदा दिलेला ब्लॉक दुसऱ्या कोणाचा होता. ते दुसरं घर कोणतं, त्यांना काय दिलं, देव जाणे. कुरिअरने पाठवू नका, स्वतः न्या, आणि गाडी उन्हात उभी करून त्यात ठेवू नका, मेण आहे ते. नागपूरच्या मे महिन्याची ही सूचना वाटते तितकी विनोदी नाही.

पहिल्या तपासणीत दादाच्या मानेत हाताला गाठ लागत नव्हती. ऑपरेशनच्या वेळी लागत होती. त्या खिडकीवर गेलेल्या वेळामुळेच तसं झालं का, ते कोणताही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही, आणि मीही सांगत नाही.

मुंबईबद्दल माझं मत मामांना आवडणार नाही. मत मुंबईचं घ्या, उपचार शक्यतो इथे घ्या. ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर ते साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतं, आणि ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हावं असं डॉक्टर बघतात. तेवढ्यासाठी परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाजवळच्या फुटपाथवर दिवस काढणारी विदर्भातली माणसं मी बघितली आहेत. जावंच लागलं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण तिथे राहतात, पण जागेची खात्री करून मगच निघा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. त्याचा ठरलेला फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. तो मागा, आपणहून कोणी देत नाही. टाटाशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन मत देणारी सेवा आहे, कागद पूर्ण असतील तर आधी तीच वापरून बघा.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. रुग्णालयात या योजनेचा माणूस बसतो, त्याला आरोग्यमित्र म्हणतात, त्याला भरती व्हायच्या आधी भेटा, मंजुरी आधी लागते. आणि आजच रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावाची अक्षरं जुळतात का बघा. एका वेलांटीवर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट सर्जन घाईत सांगायला विसरतात: रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवाच. किडलेले दात आधी काढायचे आणि हिरड्या भरायला वेळ द्यायचा. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही, मोठा त्रास होतो. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या परवानगीपासून. दादा आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सरकवायचा, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायचा. चिडायचा, पण करायचा. आज वरणभात, पोळी कुस्करून, सगळं खातो. सावजीचं झणझणीत जेवण सुटलं ते कायमचं, त्याचं दुःख तो कॅन्सरपेक्षा जास्त सांगतो.

भेटायला येणारे गव्हांकुराचा रस, गोमूत्र, कुठल्या गावचा बाबा, सगळं घेऊन येतील. ‘सुरी लागली की पसरतो’ हेही कोणीतरी म्हणेलच. त्यांना चहा द्या आणि ऑपरेशनची तारीख बदलू नका.

आता तुमचं ‘कमी’. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा ठेल्यावर समोर घोटून मिळतो म्हणून तो वेगळा वाटतो. तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तरी सुटका नाही, सुपारी स्वतःच कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत आहे, आणि तोंड आखडतं ते तिच्यामुळेच. आरशासमोर उभे राहा, स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा साधं तिखटही झोंबत असेल, तर मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ओपीडीला जा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. वडिलांची फाइल घेऊन मेडिकलला जालच तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा, वेगळी चक्कर नको.