माथेरान कुणाचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात माथेरानवर लिहिलं आणि बरीच पत्रं आली. त्यातल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं देते. मी माथेरानचीच. इथल्या शाळेत शिकले, इथेच शिकवलं, आणि वडील हातरिक्षा ओढायचे. हे आधीच सांगते, म्हणजे माझा जीव कुणात अडकलाय ते तुम्हाला कळेल.

माथेरानचा शोध १८५० साली ह्यू मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्यानं लावला, असं मुलांच्या प्रकल्पासाठी वाचलं. त्याआधी तिथे कुणीच राहत नव्हतं का? (सांगलीहून एक पालक)

राहत होते की! डोंगरावर धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते. गुरं चारणं, मध आणि हिरडा गोळा करणं, उतारावर नाचणी-वरीची शेती करणं, यावर त्यांचं चालायचं. पिसारनाथ हे त्यांचं दैवत. ते आजही आमचं ग्रामदैवत आहे आणि महाशिवरात्रीला सारं गाव तिथे लोटतं.

मॅलेट ठाण्याचे कलेक्टर होते. मे १८५० मध्ये त्यांचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याला, चौक गावी होता. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढले आणि रामबागच्या बाजूनं उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत येऊन राहिले, आणि मग इथे पहिला बंगला बांधला. थंड हवेचं ठिकाण म्हणून माथेरान त्यांनी वसवलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ज्या वाटांनी ते चढले-उतरले त्या आधीच्या पायांनी पडलेल्या होत्या. मुलांच्या प्रकल्पात हे एक वाक्य जरूर घालून घ्या.

आणखी एक गोष्ट नकाशावर दाखवता येईल. मॅलेटच्या वेळी डोंगरावर यायचं दार दक्षिणेला होतं, चौकच्या बाजूला. १८५६ साली रेल्वे कल्याणच्या पुढे नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली आणि दार पूर्वेला सरकलं. मुंबईचा माणूस गाडीनं नेरळला उतरायचा आणि पुढे घोडा, डोली किंवा स्वतःचे पाय. त्याच सुमारास गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टननं इथे बंगल्यासाठी जागा निवडली. मग पारशी, बोहरी, गुजराती शेटजींचे बंगले उभे राहिले. लुइझा, अलेक्झांडर, हार्ट ही पॉइंटांची नावं त्या काळातली. बंगल्यांचा चुना, कौलं, पियानो, लोखंडी पलंग, सगळं माणसांच्या डोक्या-खांद्यावरून वर आलं. ती माणसं पायथ्याच्या वाड्यांमधली होती. त्यांच्या नावाचा पॉइंट नाही.

नेरळ-माथेरानची छोटी गाडी इंग्रज सरकारनं बांधली का? माझे आजोबा म्हणायचे ती एका मुंबईच्या व्यापाऱ्याची होती. (पुण्याहून)

आजोबांचं बरोबर आहे. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. काम १९०४ मध्ये सुरू झालं आणि गाडी १९०७ साली धावली. खर्च आला सोळा लाख रुपये, तोही त्या काळचे. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, ज्यांनी आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे उभी केली.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. एकवीस किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटरहून जास्त उंची चढते, त्यामुळे वळणांना गणती नाही. एका डोंगरसोंडेला वळसा घातला की मघाशी जिथून गेलो तोच रूळ खाली दिसतो. नेरळ सोडलं की जुम्मापट्टी, मग वॉटर पाईप, मग अमन लॉज आणि शेवटी माथेरान. पूर्ण प्रवासाला अडीच तासांच्या वर लागतात.

मला या गाडीतलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? ब्रेक लावणारी माणसं. एअर ब्रेक यायच्या आधी प्रत्येक डब्याचा ब्रेक हातानं आवळावा लागायचा. दोन डब्यांच्या मध्ये एक माणूस बसलेला असायचा. उतारावर इंजिनानं शिट्टी दिली की सगळ्या डब्यांवरची माणसं एकदम चाक फिरवायची, दुसरी शिट्टी आली की सैल करायची. शिट्टी एकदा की दोनदा, लांब की आखूड, यावर त्यांचे हात चालायचे. डब्यातले प्रवासी खिडकीतून माकडांना पाहत असत आणि बाहेर, पावसा-धुळीत, हा माणूस त्यांचा जीव हातात धरून बसलेला असे. लहानपणी मी खिडकीपेक्षा त्या माणसाकडेच बघत बसायची.

२६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग पार उखडला गेला, सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसानंही तीच गत केली, आणि नेरळहून थेट गाडी परत आली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढी शटल चालायची आणि तीच आमचा आधार होती. गाडी बंद म्हणजे पर्यटकाची मजा बंद. आमच्यासाठी मात्र भाजीचा, औषधाचा, कॉलेजला जाणाऱ्या पोरांचा प्रश्न असतो.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. माथेरानला मोटार का नेऊ देत नाहीत? आणि माणसानं ओढलेल्या रिक्षात बसणं बरं वाटत नाही, मग काय करावं? (नाशिकहून)

मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत येते, पुढे नाही. ही बंदी जुनी आहे. २००३ साली केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा दोनशे चौदा चौरस किलोमीटरहून जास्त परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा ती आणखी पक्की झाली. रुग्णवाहिका चालते. मोटार नाही म्हणूनच इथे जांभळीच्या फांदीवर शेकरू दिसतं आणि रात्री खरा अंधार असतो. ही बंदी उठावी असं मला कधीही वाटलं नाही.

पण मोटार नसेल तर ओझं कुणीतरी उचलायला हवंच. घोडे होते, हमाल होते आणि परवान्याच्या ९४ हातरिक्षा होत्या. हातरिक्षा एकट्यानं ओढत नाहीत. एक जण पुढे दांड्यांत, मागून एक-दोन जण रेटायला. चढावर पुढचा जवळजवळ आडवा होऊन ओढतो. उतारावर काम जास्त कठीण, कारण तेव्हा माणसासकट सगळं वजन त्याच्या पाठीवर चाल करून येतं आणि त्यानं ते टाचांवर थोपवायचं असतं. बाबांच्या टाचा म्हातारपणी जमिनीला टेकत नव्हत्या. रात्री आई कढत तेल लावायची आणि ते पाय आखडून घ्यायचे.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. माणसानं माणसाला ओढणं ही प्रथा राज्यघटनेनं दिलेल्या प्रतिष्ठेला धरून नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्याचबरोबर ई-रिक्षा त्याच ओढणाऱ्यांच्या हाती भाड्यानं द्याव्यात, गुजरातेत केवडियाला केलं तसं, असंही सांगितलं. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो. नुसती रिक्षा बंद केली आणि ई-रिक्षा एखाद्या ठेकेदाराला दिली, तर ज्यांनी पन्नास वर्षं टाचा झिजवल्या ते उपाशी राहतील.

तेव्हा आई-वडिलांना जरूर आणा. दस्तुरीहून अमन लॉज स्टेशन जवळ आहे, तिथून शटलनं थेट बाजारपेठेत उतरता येतं. ई-रिक्षा मिळाली तर तीही घ्या. बॅगेसाठी हमाल केलात तर ठरल्या पैशात घासाघीस करू नका, एवढं माझं हात जोडून सांगणं.

तिथली माती इतकी लाल का? आणि एवढ्या पावसात पाणी कमी कसं पडतं? (डोंबिवलीहून)

डोंगर काळ्या बेसॉल्टचा, सह्याद्रीसारखाच, पण माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभ्यात लोह भरपूर, म्हणून माती तांबडी. पाऊस वर्षाला पाच मीटरच्या घरात पडतो, पण जांभा सच्छिद्र. पाणी मुरतं, कड्यावरून वाहून जातं, आणि मार्च आला की झरे आटतात. शार्लोट तलावावर गावाचं भागत नाही. उल्हास नदीचं पाणी नेरळच्या बाजूनं पंपांनी डोंगर चढवून आणावं लागतं. हॉटेलात नळ सोडून दात घासू नका.

हुतात्मा भाई कोतवाल माथेरानचे होते हे खरं का? आमच्या गावात त्यांच्या नावाचा चौक आहे, पण त्यांनी काय केलं ते कुणालाच सांगता येत नाही. (कल्याणहून एक विद्यार्थिनी)

बाळ, तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म माथेरानला, १ डिसेंबर १९१२ रोजी, एका नाभिक कुटुंबात झाला. घरची गरिबी. तरी शिकले, वकील झाले. मुंबईत वकिली करून सुखानं राहता आलं असतं. पण ते परत आले. कर्जतच्या पट्ट्यातले ठाकर, कातकरी, कुळं हे सगळे सावकाराच्या कचाट्यात होते. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपायचं, तेव्हा उसनं घेतलेलं भात दिवाळीनंतर दीडपट-दुप्पट फेडावं लागे. भाईंनी लोकांच्या धान्यकोठ्या उभ्या केल्या, म्हणजे गरजेला कोठीतून उचलायचं आणि पीक आल्यावर परत भरायचं. वाड्या-वस्त्यांवर शाळा काढल्या. माथेरानच्या नगरपालिकेतही ते निवडून गेले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. आमच्या डोंगराच्या पायथ्याजवळून टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज मनोऱ्यांवरून मुंबईला जाते. गिरण्या, रेल्वे, युद्धाचं उत्पादन त्या विजेवर चालायचं. दस्त्यानं करवतींनी ते मनोरे कापून पाडले. रात्रीच्या अंधारात जंगलाची वाट दाखवणारे, भाकरी पोचवणारे, पोलीस आले की आधी निरोप धाडणारे लोक याच वाड्यांमधले होते. ज्यांना भाईंनी कोठीतून भात दिलं होतं, त्यांनी त्यांना सांभाळलं.

सरकारनं त्यांच्यावर बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी तळ गाठला आणि गोळीबार केला. त्यात मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघं धारातीर्थी पडले. भाईंचं वय तीस. दर वर्षी त्या दिवशी सिद्धगडच्या पायथ्याला स्मारकापाशी लोक जमतात. शाळेनं सहल काढायची ठरवली तर तिकडेच काढा. गुरुजींना हे पत्र दाखव.

माथेरानला पर्यटक येतात, इको पॉइंटला जाऊन स्वतःचं नाव ओरडतात आणि जातात. इथे हा माणूस जन्मला हे त्यांना कुणी सांगत नाही. मी वर्गात दर वर्षी सांगायची, मुलं पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

यायला चांगला महिना कोणता? (बऱ्याच जणांकडून)

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात नेरळहून थेट गाडी बंद असते, फक्त शटल चालते. धुकं आवडणाऱ्यांनी तेव्हा यावं, मात्र कड्यापासून लांब राहावं. मे महिन्यात गर्दी असते, पण त्याच महिन्यात आसलवाडी, बेकरेवाडीच्या बाया पहाटे डोंगर चढून करवंदं आणि जांभळं पानाच्या द्रोणात घालून विकायला बसतात. त्यांच्या वाड्यांना पक्क्या रस्त्याची मागणी किती वर्षांची आहे! आजारी माणूस अजून झोळीत घालून न्यावा लागतो. द्रोण घेताना त्यांच्याशी दोन शब्द बोला, वाडी कुठली ते विचारा. पॉइंटांची माहिती देणारे पुष्कळ भेटतील, डोंगराची माहिती त्यांच्याकडे आहे.